चौतीस सेकंदांची फीत

फुटबॉलची जागतिक स्पर्धा सुरू व्हायला आठ दिवस उरले की रेडिओताईच्या दुकानात दवाखान्यासारखी गर्दी व्हायची. एरवी टीव्हीकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांना त्याच आठवड्यात आठवायचं की आपल्या पडद्यावर उजव्या बाजूला हिरवी रेघ आहे. कुणाचा रिमोट दोन बटणांपुरताच जिवंत असायचा. कुणाच्या केबलवर नेमकं तेच चॅनल दिसत नसायचं. कुणी मोबाइलवर ॲप घेऊन बसलेला असायचा, पण त्यातला सामना मोठ्या पडद्यावर कसा आणायचा हे त्याला ठाऊक नसायचं, आणि ते कबूल करायची लाजही वाटायची.

ताई कुणाला हसायची नाही. दाराच्या काचेवर ती स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला कागद चिकटवायची. कोणता सामना कोणत्या चॅनलवर आहे. एकाच वेळी दोन सामने असतील त्या दिवशी दुसरा फक्त ॲपवर दिसेल. एका खात्यावर दोनच पडदे चालतात, तेव्हा भाचरांना पासवर्ड वाटत सुटू नका. आणि सगळ्यांत खाली, जाड पेनाने: "सामना बघताना फोनच्या सूचना बंद ठेवा. गोल आधी फोनला कळतो, मग तुम्हाला."

एवढ्या एका वाक्याने तिने गल्लीतली किती भांडणं वाचवली असतील, देवच जाणे.

उपांत्यपूर्व सामने संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दुकानात आल्या. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या. कान जवळजवळ गेलेले, पण समोरच्याचे ओठ अशा काही वाचायच्या की त्यांच्यासमोर पुटपुटायचीही सोय नव्हती. आल्या त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "आमचा टीव्ही जरा लवकर करून दे."

"लवकर? आजच दुरुस्त करून हवाय का?"

"बिघडलाय कुठे? उशिरा दाखवतो मेला. तुझ्या काकांना रेडिओवर गोल आधी कळतो. मी बघत असते, चेंडू अजून मधल्या रेषेवर, आणि हा माणूस उडी मारतो! मला ऐकू येत नाही हे खरं, पण सोफा हलतो ना गं!"

ताईला हसू आलं. काकूंना मात्र आलं नाही.

काका म्हणजे मैदानकाका. गावाबाहेरच्या मोठ्या स्टेडियमचं गवत त्यांनी तीस वर्षं राखलं. कुठे पाणी मुरत नाही, कुठे खेळाडूचा पाय घसरेल, हे ते अनवाणी चालून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. लग्न झाल्यापासून नवरा-बायकोने अकरा जागतिक स्पर्धा एकाच सोफ्यावर बसून पाहिल्या होत्या. ही बारावी.

"परवा मी रागाच्या भरात बोलले," काकू पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या. "म्हटलं, जा आतल्या खोलीत आणि तिकडे बसून ऐक. आणि गेला गं तो. मला वाटलं, नेहमीसारखा उलटून बोलेल. काठी घेतली आणि गेला. आता म्हणतो, फायनल ऐकणारच नाही. तुझा खेळ नासतो म्हणतो."

ताईने त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "काकू, टीव्ही लवकर नाही करता येत. चित्र मैदानातून वर उपग्रहावर जातं, खाली येतं, केबलवाल्याकडे थांबतं, मग तुमच्या घरी येतं. रेडिओ सरळ येतो, म्हणून पुढे असतो."

"म्हणजे काही इलाज नाही?"

ताईने नाही म्हटलं नाही. नुसती मान हलवली, आणि तिची मान कुठल्या बाजूला हलली हे काकूंनाही वाचता आलं नाही.

दुपारी मैदानकाका स्वतः आले. काठीने पायरी चाचपत वर आले आणि काउंटरवर रेडिओ ठेवला.

"हा कुणाला तरी देऊन टाक ताई. चांगला आहे. बॅटरी नवीन घातलीय."

"आणि फायनल?"

"झाला आमचा फुटबॉल."

"टीव्हीचाच आवाज ऐका मग. काकूंच्या शेजारी बसून."

काका असे हसले की ताईला आपलंच बोलणं पोरकट वाटलं. "अगं, टीव्हीवाला काय सांगतो? 'वा! काय सुंदर!' अरे, काय सुंदर? कुठे सुंदर? त्याला वाटतं सगळ्यांना दिसतंय. रेडिओवाला बिचारा पायापायाचा हिशोब देतो. चेंडू डावीकडे, उंच उडाला, छातीवर घेतला. त्याच्या बोलण्यात मला मैदान दिसतं." रेडिओ ताईकडे सरकवत ते म्हणाले, "पण तिचं मैदान मी का मोडावं?"

ताईने रेडिओ ठेवून घेतला. म्हणाली, "द्यायचं बघू नंतर. एका बाजूने खरखरतोय, आधी दुरुस्त करते." खरं तर तो मुळीच खरखरत नव्हता. खोटं बोलल्याबद्दल तिने मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि रेडिओ फडक्याने पुसून मागच्या फळीवर ठेवला.

रेडिओताई जन्माने काही रेडिओताई नव्हती. सोळाव्या वर्षी ती या दुकानात झाडलोट करायला आली. दुकान तेव्हा मास्तरांचं होतं. मास्तरांना रेडिओ, टेप, टीव्ही यांच्या पोटातली नस न् नस माहीत होती. पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. डाग देताना कथील भलतीकडेच सांडायचं. एका दुपारी ते चिडून म्हणाले, "ए पोरी, केरसुणी ठेव, हात धू आणि इकडे ये. मी सांगतो, तू डाग दे." त्या दिवसापासून डोकं मास्तरांचं आणि हात हिचे. सहा वर्षांत डोकंही हिचं झालं. गिऱ्हाइकं आधी म्हणायची, "मास्तर कुठेत? बाईला काय कळतंय?" मास्तर कोपऱ्यातून ओरडायचे, "मास्तर तिच्या हातात आहेत!" ते गेले तेव्हा दुकान हिच्याकडे आलं. पण ती आजही मशीन उघडण्याआधी दोन बोटं त्यावर टेकवते, क्षणभर डोळे मिटते आणि मगच स्क्रू फिरवते. देवाला नमस्कार असतो की मास्तरांना, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून ती घरी आली. बस चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने दोनदा हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आज कुठल्या स्टेशनवर आहेस?" त्याने विचारलं.

"पुढचा मागे कसा आणायचा, याचा विचार करतेय."

"आमच्या बसला विचार. पुढे सुटलेली गाडी वाटेत अडकते आणि मागूनच पोचते."

तिला दिवसभर सुचत नव्हतं ते त्या थट्टेमुळे सुचलं. मागच्याला ढकलून उपयोग नाही. पुढच्यालाच वाटेत थांबवायला हवं. टीव्ही लवकर होणार नव्हता, पण रेडिओला उशीर करता येणार होता.

मोबाइलमध्ये आवाज अडवून धरणारं काहीतरी मिळतं, असं तिने ऐकलं होतं. पण जे उघडून आत बघता येत नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही, हा तिचा नेम होता. तिने माळ्यावरून मास्तरांच्या दोन जुन्या टेप मशीन काढल्या. मोठ्या चाकांच्या, एकाच वर्षी घेतलेल्या, जुळ्या भावांसारख्या. मास्तर कधीकाळी गायकांना आवाजात घुमारा हवा असला की दोन मशीनमधून एकच फीत फिरवायचे. पहिल्या मशीनने आवाज फितीवर उतरवायचा. तीच फीत पुढे सरकत दुसऱ्या मशीनमध्ये जायची आणि तिथे वाजायची. मधल्या अंतराला लागेल तितका वेळ आवाज वाटेत असायचा.

फीत सेकंदाला पावणेचार इंच सरकते. काकांचा रेडिओ काकूंच्या टीव्हीच्या किती सेकंद पुढे, एवढंच मोजायचं होतं.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना फायनलच्या आदल्या दिवशी होता. ताई आणि तिचा नवरा दोन्ही मशीन आणि काकांचा रेडिओ घेऊन काकूंच्या घरी गेले. नवरा घाम पुसत म्हणाला, "लोक फुटबॉल बघायला पॉपकॉर्न नेतात." आणि ड्यूटीवर गेला.

काका आतल्या खोलीच्या दारात उभे होते. "कशाला हे सगळं ताई? मी नाही ऐकत म्हटलं ना."

"ऐकू नका. नुसता हात वर करा. रेडिओत शिट्टी वाजली की तुम्ही हात वर करायचा. पडद्यावर चेंडूला लाथ बसलेली दिसली की काकूंनी. मी मोजते."

शाळेतल्यासारखे दोघं हात गुडघ्यावर ठेवून सोफ्यावर बसले. काकांचा हात वर गेला. ताईने घड्याळ बघितलं. मग काकूंचा. सात सेकंद. पुन्हा एकदा, गोलकीपरच्या लाथेला. सात. सात पावणेचार सव्वासव्वीस. तिने दोन मशीनच्या मध्ये सव्वीस इंच अंतर ठेवलं, फीत ओवली, रेडिओची वायर पहिल्या मशीनला जोडली आणि दुसऱ्या मशीनचा हेडफोन काकांच्या कानावर चढवला.

दुसऱ्या हाफमध्ये पिवळ्या शर्टवाल्यांनी गोल मारला. काका टुणकन उठले, आणि त्याच क्षणी काकूंनी टाळी वाजवली. काका चाचपत पुन्हा सोफ्यावर टेकले. काकू त्यांच्या बाजूला थोड्या सरकल्या.

जाताना काका म्हणाले, "उद्या पाच वाजता." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच ताई हजर. मशीन जागेवरच होत्या. फितीचं कोरं चाक चढवलं, सव्वीस इंच फूटपट्टीने मोजले, दोन बोटं टेकवली आणि कळ दाबली. फीत ढिली पडू नये म्हणून ती मशीनजवळ जमिनीवरच बसली, टीव्हीकडे पाठ करून, फितीखाली एक बोट धरून.

"काय चित्र आलंय!" काकू मागून म्हणाल्या. "गवताची पाती मोजून घ्यावीत."

"कापलंय कसं?" काकांनी विचारलं, पण काकूंचं तोंड टीव्हीकडे होतं.

अकराव्या मिनिटाला काका ओरडत उठले. "गोल! गोल! निळ्यांचा गोल!" निळे म्हणजे त्यांचेच.

काकू उठल्या नाहीत.

ताईने मान वळवली. पडद्यावर चेंडू निळ्यांच्याच गोलकीपरच्या हातात होता आणि तो निवांत इकडेतिकडे बघत होता. काकू नवऱ्याकडे बघत होत्या. काका उभेच. शेजारून ओरडा आला नाही तेव्हा त्यांना कळलं. हेडफोन काढून त्यांनी तो सोफ्यावर ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

तो गोल मग पडद्यावर आला. सुरेख गोल होता. काकूंनी टाळी वाजवली नाही.

"मी आत जातो," काका म्हणाले.

ताईचे कान तापले. कालचं माप बरोबर होतं; मग आज काय झालं? टीव्हीखालच्या फळीवर तिची नजर गेली. केबलची पेटी नव्हती. टीव्हीच्या मागे बोटभर लांबीची काळी काडी खोचलेली होती.

तिने काकूंच्या समोर जाऊन विचारलं, "काकू, हे कधी लावलं?"

"मुलाने! सकाळी येऊन लावून गेला. म्हणाला, फायनल तरी चांगली बघा. इंटरनेटवरून दिसतं म्हणे. जुनी पेटी परत द्यायला घेऊन गेला. का गं? बिघडलं का काही?"

ताईने कपाळाला हात लावला. मुलाचं चुकलं नव्हतं, काकूंचं तर नव्हतंच. नेटवरचा सामना तुकडे करून, साठवून पाठवतात. तो केबलच्याही कितीतरी मागे असतो. गल्लीभर हे सांगणाऱ्या बाईने आपण होऊन एक नजर टाकली नव्हती. काल मोजलंय म्हणून आज मोजलं नव्हतं. मास्तर म्हणायचे, दरवेळी सुरू करण्याआधी मोज, मशीन कालची नसते. मास्तर असते तर टपली मारली असती.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "आत नंतर जा. आधी हात वर करायचं काम आहे."

"राहू दे गं आता."

"माझी चूक मला निस्तरू तरी द्या."

काका बसले. तिने हेडफोन थेट रेडिओला लावून दिला. कॉर्नर किक. काकांचा हात वर. ताई मोजत राहिली. दहा. वीस. तीस. काकूंचा हात. चौतीस. पुन्हा, थ्रो-इनला. चौतीस. चौतीस पावणेचार एकशे साडेसत्तावीस. साडेदहा फुटांहूनही जास्त.

खोली होती जेमतेम दहा फूट, त्यात कपाट.

तिने रेडिओ आणि पहिली मशीन उचलली आणि थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवली. दुसरी मशीन काकांशेजारी राहिली. एवढी लांब फीत मध्येच लोंबणार. "काकू, दोऱ्याची रिकामी रिळं आहेत?" शिवणकाम केलेल्या बाईच्या घरी रिकामी रिळं नसतील तर कुठे असणार? डबाच पुढे आला. दोन खुर्च्यांच्या पाठींना पेन्सिली बांधून त्यांवर तिने रिळं बसवली.

तोवर काकांकडे ना रेडिओ होता ना टीव्ही; त्याचा आवाज बंदच होता. म्हणून काकूंनीच सामना सांगायला घेतला. "आपला तो उंच पोरगा घेऊन चाललाय. गेला. पडला. नाही पडला, ढोंगी मेला, उठला बघ."

"कुठल्या बाजूने?" काका म्हणाले. उत्तर नाही. त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर थाप मारली. काकू वळल्या.

"तू विचारलंस की मला तुझ्याकडे बघावं लागतं, आणि तुझ्याकडे बघितलं की चेंडू पळतो!"

"मग बघू नकोस माझ्याकडे."

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंस!"

स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून पेन्सिलीला दोरा गुंडाळताना ताईला हसू आवरेना. पण हात चुकले नाहीत तिचे. इतक्या घाईतही फितीला एक पीळ पडू दिला नाही. अठ्ठाविसाव्या मिनिटाला कळ दाबली. फीत ओट्यावरून निघाली, दारातून बाहेर आली, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर सरकत सोफ्यापाशी पोचली. काकांनी हेडफोनवर हात ठेवला. "आला," ते म्हणाले.

आता अडचण एवढीच होती की फीत कुठे ढिली पडतेय हे बघायला ताईला दारातच बसावं लागत होतं, आणि तिथे ओट्यावरचा रेडिओ तिला बारीक आवाजात ऐकू येत होता. सगळ्या घरात तिला एकटीला सगळं आधी कळत होतं. समोरच्या पांढऱ्यांनी बरोबरी केली तेव्हा ते तिच्या तोंडावर उमटलं, आणि काकूंनी नेमकं तेव्हाच तिच्याकडे बघितलं. "काय झालं?" "पायाला मुंग्या आल्यात," ताई म्हणाली आणि तिथून पुढे तिने तोंड भिंतीकडे केलं. मध्यंतरात चाक बदलायला तेवढी उठली. ओठ वाचणारी बाई कपाळही वाचते.

दुसऱ्या हाफमध्ये पांढऱ्यांनी आणखी एक गोल चढवला. सोफ्यावरून एकच "अरे देवा" आलं. दोन आवाज, एक जाड आणि एक चिरका, एकाच क्षणी. ताईने भिंतीकडे बघत डोळे मिटले.

आणि अगदी शेवटी, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या दुसऱ्या मिनिटाला, निळ्यांना पेनल्टी मिळाली. रेडिओवाल्याचा श्वास ताईला ऐकू आला. तो म्हणाला, धावला, म्हणाला, मारला, आणि मग म्हणाला, बाहेर. खांबाच्या बाहेर. संपलं.

ताई जागची हलली नाही. ती बातमी तिच्या समोरून चालली होती, बोटाच्या नखापेक्षा अरुंद, तपकिरी, चकचकीत. ओट्यावरून उतरली. दारातून गेली. पहिल्या रिळावर चढली. तिकडे सोफ्यावर पेनल्टी नुकतीच मिळाली होती. काकूंनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं. काका पुढे झुकले होते, तोंड किंचित उघडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच गवत होतं, तीस वर्षं राखलेलं.

चौतीस सेकंद तिने त्या दोघांना आशा दिली, असं म्हटलं तर तिला आवडणार नाही. ती म्हणेल, मी फक्त फीत धरली होती.

फीत दुसऱ्या रिळावरून उतरली.

"बाहेर!" काका ओरडले.

"बाहेर मारला मेल्याने!" काकू ओरडल्या.

दोघंही उभे होते. काकू नवऱ्याकडे वळल्या, कारण पडद्यावर आता तीच पेनल्टी पुन्हा दाखवत होते आणि बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"पाय घसरला त्याचा," काका म्हणाले. "गवत ओलं होतं. मी असतो तर तिथे पाणीच मारू दिलं नसतं."

"गवत काय करेल? डोकं घसरलं त्याचं!"

"तुला काय कळतंय गवतातलं?"

"मला दिसलं, तुला कुठे दिसलं?"

"मला त्याने सांगितलं, घसरला म्हणून! थांब, ताईला विचार. ताई, घसरला ना गं?"

दारात ताईने फितीखालचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला. "मी पाठमोरी होते काका," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही."